वसाहतकाळातल्या अमेरिकन बाईचं माहेर कसं शोधायचं: माझ्या तीन वर्षांच्या चुकांवरून

लेकीला चौथीत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट आला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. माझ्या बाजूचं काम आत्याने एका फोनमधे संपवलं, आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत तिच्या कपाटात आहे, तिने पान काढलं आणि धडाधडा वाचत गेली. नवऱ्याच्या बाजूला मात्र पंचाईत. सासूबाई मूळच्या मॅसॅच्युसेट्सच्या आणि त्यांच्या घरात पहिल्यापासून सांगत आलेत की आपण रिबेका नर्सच्या लेकीकडून आलो. रिबेका नर्स म्हणजे १६९२ मधे सेलमच्या चेटूक-खटल्यांत फाशी दिलेली ७१ वर्षांची म्हातारी. मला वाटलं अमेरिकेत काय सगळं ऑनलाइन असणार, एका वीकेंडचं काम. प्रोजेक्टची तारीख गेली, लेक आता सातवीत आहे, मी अजून शोधतेय.

घरात अमेरिकन सून किंवा जावई असेल, किंवा नुसतीच हौस असेल, तर हे वाचा म्हणजे निदान माझ्याइतके भटकणार नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा

त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळायचं. जमीन नवऱ्याच्या नावावर, करार नवऱ्याच्या नावावर, नवरा जिवंत असताना सहसा मृत्युपत्रही करता यायचं नाही. म्हणजे तुम्ही सर्चमधे तिचं नाव टाकून एंटर दाबलंत तर फार काही येणार नाही, आणि ते नाही आलं म्हणून तिचे कागदच नाहीत असंही नाही. तिचे कागद बापाच्या, भावाच्या, नवऱ्याच्या, जावयाच्या नावाखाली पडलेले असतात. हे कळायला मला पहिलं सबंध वर्ष लागलं.

दुसरं म्हणजे जनगणनेवर अवलंबून राहू नका. अमेरिकेची पहिली जनगणना १७९० ची आणि तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे नुसते आकडे. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव यायला १८५० उजाडलं. जहाजांच्या प्रवासी याद्यांचंही तेच, त्या कायद्याने नियमित सुरू झाल्या १८२० पासून. १६४० मधे आलेली बाई कुठल्या जहाजातून आली हे बहुतेक वेळा कळत नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर पुरावा मागा.

काय काय लागेल

- घरातल्या जिवंत माणसांचे जन्म-लग्नाचे दाखले, आईबापांची पूर्ण नावं असलेले. नुसता छोटा दाखला चालत नाही.
- घरातलं जुनं बायबल असेल तर त्याच्या कोऱ्या पानांचे फोटो. लोक जन्ममृत्यू त्यात लिहून ठेवायचे. पुस्तक छापल्याचं सालही बघा, १८२० च्या बायबलात १७४० चे जन्म एकाच शाईत लिहिलेले असतील तर ते आठवून लिहिलेत.
- फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटचं अकाउंट. फुकट आहे आणि मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त यांचे स्कॅन भरपूर आहेत.
- न्यू इंग्लंडचं (म्हणजे अमेरिकेचा ईशान्य कोपरा, मॅसॅच्युसेट्स त्यातलंच) घराणं असेल तर बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीची वेबसाइट, अमेरिकन अँसेस्टर्स. संस्था १८४५ ची आहे. पैसे पडतात, पण आधी गावातल्या पब्लिक लायब्ररीत विचारा, अशा पेड साइट्स बऱ्याच लायब्रऱ्यांमधे बसून फुकट वापरता येतात.
- एक एक्सेल शीट, आणि पेन्सिल. पेन नको.

१. आजपासून मागे या

सगळ्यात मोठा मोह हाच, की प्रसिद्ध बाई माहितीच आहे तर तिच्यापासून खाली उतरत येऊ. नका करू. रिबेकाला आठ मुलं मोठी झाली, तिथून खाली हजारो वंशज आहेत, कुठल्यातरी फांदीला आपलं आडनाव दिसतंच आणि माणूस तिकडेच झोका घेतो. मी घेतला. सासूबाईंपासून त्यांची आई, मग तिची आई, अशी एकेक पायरी मागे जा आणि प्रत्येक पायरीला ‘ही हिची मुलगी’ असं म्हणणारा एक कागद हवाच. कागद नसेल तर तिथे थांबायचं. आमचं घोडं सध्या १७८० च्या आसपास एका आईपाशी अडलंय, तिचं नाव आहे, माहेर नाही.

२. ती राहायची कुठे ते आधी ठरवा

तेरा वसाहती म्हणजे तेरा तऱ्हा. कुठले कागद मिळणार हे गावावर ठरतं.

न्यू इंग्लंड असेल तर नशीब समजा. मॅसॅच्युसेट्समधे १६३९ पासून जन्म-लग्न-मृत्यू नोंदवायचा नियम होता, पाळला गेला असं नाही पण होता, आणि १८५० पर्यंतच्या या नोंदी गावागणिक छापलेल्या आहेत. कनेटिकटसाठी तशीच बार्बर कलेक्शन नावाची सूची आहे. एक गंमत, सुरुवातीची काही दशकं प्युरिटन या कडक ख्रिस्ती पंथाच्या लोकांत लग्न पाद्री लावायचाच नाही, मॅजिस्ट्रेट लावायचा, तेव्हा चर्चच्या वहीत लग्न शोधत बसू नका. आणि ‘इंटेन्शन’ अशी नोंद दिसली तर ती फक्त लग्न ठरल्याची जाहीर सूचना आहे. साखरपुडा समजा. पुढे मोडलंही असेल.

न्यूयॉर्क आणि डच घराणं असेल तर आपल्याला फार सोपं जातं, कारण तिथे आपल्यासारखं मधे बापाचं नाव. बापाचं नाव यान तर मुलगी यान्स. शिवाय डच चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आईचं माहेरचं नाव लिहायचे, १६६४ मधे इंग्रजांनी ती डच वसाहत घेतल्यावरही बराच काळ. साक्षीदार म्हणून उभे राहिलेले लोक बहुधा मामा-मावशी-आजी, तीही नावं उतरवून घ्या.

व्हर्जिनिया असेल तर मन घट्ट करा. किती कोर्टं जळाली याला गणती नाही, आणि यादवी युद्धात काही काउंट्यांनी, म्हणजे जिल्ह्यांनी, सुरक्षित राहावेत म्हणून कागद रिचमंडला पाठवले तर १८६५ मधे रिचमंडच पेटलं. तिथे हेडराइटच्या याद्या बघा. माणूस आणायचा खर्च केला की माणशी ५० एकर जमीन मिळायची, त्यामुळे आणलेल्या बायकांची नावं जमिनीच्या कागदात सापडतात. जाता जाता, व्हर्जिनिया-मेरीलंडच्या जुन्या कागदांत कुठे कुठे ‘ईस्ट इंडियन’ असा शेरा असलेली माणसंही भेटतात. म्हणजे आपल्याकडचीच. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठले होते.

क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातलं घराणं असेल तर त्यांच्या मीटिंगचे, म्हणजे पंथाच्या सभांचे, वृत्तांत बघा, बायकांच्या मीटिंगा वेगळ्या भरायच्या आणि त्यांच्याही वह्या आहेत.

आणि गुलाम म्हणून आणलेली बाई असेल तर हे सगळं गणितच बदलतं. फिलिस व्हीटली ही कवयित्री १७६१ मधे सातेक वर्षांची असताना बॉस्टनला विकली गेली. फिलिस हे तिला आणणाऱ्या जहाजाचं नाव आणि व्हीटली हे विकत घेणाऱ्याचं आडनाव. तिच्या आईने ठेवलेलं नाव कुठल्याच कागदावर नाही. अशा बाईसाठी मालकाच्या घरची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या वाचाव्या लागतात, तिथे गाय, पितळेची किटली आणि माणूस एकाखाली एक लिहिलेले असतात, पुढे किंमत. वाचवत नाही, पण नाव तिथेच असतं.

३. तिचा बाप शोधा, म्हणजे त्याचं मृत्युपत्र

माहेर सिद्ध करायला याच्यासारखा कागद नाही. बाप लिहितो, माझ्या अमुक मुलीला, जी आता तमक्याची बायको आहे, तिला एक गाय किंवा इतके शिलिंग. त्या एका ओळीत माहेर-सासर दोन्ही आलं.

शोधायची पद्धत उलटी. नवऱ्याचं आडनाव घ्या आणि त्याच गावातल्या, त्याच्यापेक्षा पिढीभर मोठ्या पुरुषांच्या मृत्युपत्रांत ते आडनाव जावई म्हणून येतं का बघा. फॅमिलीसर्चवर आता फुल टेक्स्ट सर्च आहे, हस्तलिखित कागद मशीन वाचतं आणि कुठल्याही ओळीतलं नाव शोधून देतं. याच्या आधी आम्ही रीळच्या रीळ पानं डोळ्यांनी चाळायचो. मशीन चुकतंही खूप, म्हणून मूळ पान उघडून वाचल्याशिवाय काही लिहू नका.

बापाने मृत्युपत्र केलं नसेल तर वाटणीचे कागद बघा. मॅसॅच्युसेट्समधे थोरल्या मुलाला दुप्पट वाटा आणि बाकीच्या मुलामुलींना सारखा, म्हणून सगळ्यांची नावं येतात, लग्न झालेल्या मुलींच्या वतीने जावई सही करतात. नवऱ्याने जमीन विकली तर बायकोच्या हक्काचाही प्रश्न येतो, तो मेल्यावर तिला हयातभर जमिनीचा तिसरा हिस्सा असायचा आणि तो सोडल्याची तिची सही किंवा फुली दस्ताच्या शेवटी असते. शेवटचं पान वाचायचा कंटाळा करू नका, मी केला होता आणि एक बाई चार महिने उशिरा सापडली.

४. नवरे मोजा

विधवा बाई पुन्हा लग्न करायची, पुरुषही करायचे, ते अगदी सर्रास. रिबेकाचीच धाकटी बहीण घ्या. जन्माची सेरा टाउन, पहिल्या लग्नाने सेरा ब्रिजेस, दुसऱ्या लग्नाने सेरा क्लॉइस. तिन्ही बहिणींवर चेटकाचा आरोप आला, रिबेका नर्स आणि मेरी ईस्टी फाशी गेल्या, सेरा वाचली. कागदात या तिघी तीन वेगळ्या आडनावांच्या बायका आहेत, बहिणी आहेत हे आडनावावरून कुणाला कळेल? आणि लग्नाच्या नोंदीत बाईचं जे आडनाव दिसतं ते माहेरचंच असेल असं धरू नका, आधीच्या नवऱ्याचं असू शकतं. या एका गैरसमजामुळे चुकीचे आईबाप लागलेली झाडं मी डझनाने पाहिली.

स्पेलिंगचं तर विचारूच नका. नर्सची तीन-चार रूपं, ईस्टीची तितकीच, एकाच कागदात दोन वेगळी. उच्चार करून बघा आणि जुळतील ती सगळी शोधा.

५. तारखा: इथे सगळेच आपटतात

हे नीट वाचा. १७५२ पर्यंत इंग्लंडमधे आणि त्यांच्या वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आपल्याला पाडव्याला वर्ष बदलायची सवय आहे, तर तसंच समजा. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस हे मागच्या वर्षात मोडायचे.

आता रिबेकाचं बघा. तिचे आईवडील विल्यम टाउन आणि जोआना ब्लेसिंग यांचं लग्न इंग्लंडात ग्रेट यारमथला २५ एप्रिल १६२० ला झालं. रिबेकाचा बाप्तिस्मा तिथलाच, २१ फेब्रुवारी, आणि जुन्या हिशोबाने साल तेच, १६२०. नवखा माणूस म्हणतो, अरे, मूल लग्नाच्या दोन महिने आधी! मीही सासूबाईंना हळूच, जरा दबकत, तेच सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या गप्प बसल्या. खरं तर तो फेब्रुवारी लग्नानंतरचा, आपल्या हिशोबाने १६२१ चा, लग्नाला दहा महिने होत आलेले. दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली.

म्हणून अशा तारखा १६२०/२१ अशा दोन सालांनी लिहायच्या, एकच साल लिहिलंत की पुढचा माणूस पुन्हा घसरणार. रिबेकाची पहिली चौकशी झाली २४ मार्च १६९१/९२ ला, म्हणजे त्यांच्या कॅलेंडरात वर्षाचा शेवटचा दिवस.

क्वेकर लोक महिन्यांची नावं घ्यायचे नाहीत, पहिला महिना, दुसरा महिना असं लिहायचे. १७५२ च्या आधी त्यांचा पहिला महिना म्हणजे मार्च. जानेवारी नाही. शिवाय १७५२ मधे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला, मधले ११ दिवस गायब, तेव्हा वय दिवसांत मोजत असाल तर तेवढं सांभाळा.

६. ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

‘मिसेस’ म्हणजे लग्न झालेली असं नाही, वरच्या घरातली बाई, अविवाहितसुद्धा. साध्या घरच्या बाईला ‘गुडवाइफ’ किंवा थोडक्यात ‘गुडी’. ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे सासू असेल किंवा सावत्र आई असेल, ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई किंवा सावत्र मुलगा. ‘कझिन’ म्हणजे पुतणी-भाचीही चालायची. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ बापलेक असतीलच असं नाही, एका गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरला-धाकटा म्हणून लावायचे आणि थोरला वारला की धाकटा ‘सीनियर’ व्हायचा. थडग्यावर ‘रिलिक्ट’ म्हणजे विधवा, ‘कॉन्सॉर्ट’ म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेली, आपल्या भाषेत अहेव.

७. कोर्टाचे कागद वाचा, बायका तिथे बोलतात

हा माझा सगळ्यात आवडता भाग. मृत्युपत्रात बाईचं नाव येतं, कोर्टात तिचा आवाज ऐकू येतो. साक्ष देताना ‘वय सुमारे ५०’ असं लिहायचे, जन्मनोंद हरवली असेल तर तेवढाच आधार. लग्नानंतर फार लवकर मूल झालं म्हणून जोडप्यांना दंड व्हायचा, त्या खटल्यातून लग्नाचा अंदाज निघतो. रिबेका राहायची त्या एसेक्स काउंटीचे जुने कोर्टाचे कागद छापलेले आहेत आणि सेलम खटल्यांचे कागद व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात.

रिबेकाचा खटला वाचताना मी रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते. ज्युरीने आधी तिला निर्दोष म्हटलं होतं. मग आरडाओरडा झाला, न्यायाधीशाने तिच्या एका वाक्याकडे बोट दाखवलं, ज्युरीने तिला त्याचा अर्थ विचारला आणि ती काहीच बोलली नाही. नंतर तिने लेखी कळवलं की मला ऐकू कमी येतं आणि मी दुःखात बुडालेली होते, प्रश्न पोचलाच नाही. १९ जुलै १६९२ ला फाशी.

त्याच फायलीत एक बारकासा कागद आहे. बायकांच्या एका पंचाने रिबेकाचं अंग तपासून चेटकाची खूण आहे असं म्हटलं, त्यावर दोघी जणी लिहून देतात की गुडी नर्सला हे दुखणं फार वर्षांपासून आहे. खाली नावं, रिबेका प्रेस्टन आणि मेरी टारबेल. या तिच्या सख्ख्या मुली. पण कागदात ‘आमची आई’ असं कुठेच नाही, ‘गुडी नर्स’ एवढंच. मी आनंदाने तो कागद पुरावा म्हणून एक्सेलमधे टाकला आणि लायब्ररीतल्या एका जाणकार आजींनी तो काढायला लावला. त्या म्हणाल्या, यावरून या दोघी तिला ओळखत होत्या एवढंच सिद्ध होतं, मुली असल्याचं दाखवायला लग्नाची नोंद आणि वाटणीचे कागद आण. बरोबरच होतं त्यांचं.

८. दुसऱ्यांची झाडं आणि छापील वंशावळी

वेबसाइटवर तयार झाडं मिळतात, एका क्लिकवर दहा पिढ्या चिकटतात. मी चिकटवल्या. सात महिन्यांनी कळलं की आमची बाई आणि त्या झाडातली बाई शेजारच्या गावांतल्या, एकाच नावाच्या, तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोघी वेगळ्या आहेत. तोवर सासूबाईंनी तक्ता फ्रेम करून हॉलमधे लावला होता. पन्नास झाडांत एकच गोष्ट लिहिलीय म्हणजे पन्नास पुरावे नव्हेत, एकाचं एकोणपन्नास जणांनी उतरवलंय.

छापील आहे म्हणून खरं असंही नाही. गुस्ताव्ह आंजू नावाचा एक गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकन गिऱ्हाइकांना पैसे घेऊन खोट्या वंशावळी बनवून द्यायचा, त्या अजून लायब्रऱ्यांत आहेत आणि अजून लोक त्यावरून उतरवतात. त्याचं नाव दिसलं की पुस्तक मिटा. न्यू इंग्लंडमधल्या १७०० पूर्वीच्या लग्नांसाठी क्लॅरेन्स टॉरी यांची सुमारे ३७ हजार जोडप्यांची यादी चांगली आहे, पण तीही कुठे बघायचं ते सांगते. बघायचं आपणच.

९. डीएनए टेस्ट?

घाई नको. दहा पिढ्या मागे १०२४ पूर्वज होतात आणि त्यातल्या कित्येकांचा एक कणही आपल्यात उरलेला नसतो. साध्या टेस्टने ‘तुम्ही रिबेकाचे वंशज’ असं कळत नाही. आईकडून मुलीला जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मात्र कामाचा, पण साखळी आई-मुलगी-नात अशी अखंड हवी, मधे एक मुलगा आला की तुटली. आमच्यात तसा एक पणजोबा आहे, त्यामुळे पैसे वाचले.

१०. जाऊन या

कागदांचा कंटाळा आला की गाव बघा. तेव्हाचं सेलम व्हिलेज म्हणजे आजचं डॅनव्हर्स, सेलमपासून १७५२ मधे वेगळं झालं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक नुसत्या सेलममधे फिरून परत जातात. रिबेकाचं घर डॅनव्हर्सला आहे, शेताच्या टोकाला घरच्यांची दफनभूमी आणि १८८५ मधे वंशजांनी उभारलेला स्तंभ. घरच्यांनी तिचं प्रेत रात्री गुपचूप आणून तिथे पुरलं असं सांगतात, तिच्या नावाचं जुनं थडगं काही नाही.

आम्ही गेलो तेव्हा सासूबाई स्तंभापाशी बराच वेळ उभ्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी हॉलमधला तक्ता उतरवला, फ्रेम उघडली, १७८० च्या वरच्या सगळ्या नावांवर पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढली आणि परत लावला.